मुंबईची मर्ल ओबेरॉन 'टास्मानियाची' का झाली?

जानेवारी २०२३ मध्ये ऑस्करची नामांकनं जाहीर झाली आणि मलेशियाच्या मिशेल योहचं नाव सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या यादीत आलं. तेव्हा काही बातम्यांत एक अवघडलेली शब्दयोजना दिसली: 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली अभिनेत्री'. सरळ 'पहिली आशियाई अभिनेत्री' म्हणायला काय हरकत होती, असं वाचणाऱ्याला वाटणं साहजिक आहे. हरकत होती ती मर्ल ओबेरॉन या जुन्या काळच्या हॉलिवूड नायिकेमुळे. 'द डार्क एंजल' या १९३५ च्या चित्रपटासाठी तिला याच विभागात नामांकन मिळालं होतं, आणि तिचा जन्म होता मुंबईतला, १९ फेब्रुवारी १९११ चा. आई युरेशियन, म्हणजे युरोपीय आणि आशियाई अशा मिश्र वंशाची. हे तिनं मरेपर्यंत जगाला कळू दिलं नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये ती गेली, १९८३ मध्ये तिचं चरित्र आलं आणि तेव्हा कुठे लोकांना मुंबईचं नाव समजलं.

आज हे वाचताना पहिला प्रश्न येतो: एवढं काय लपवायचं? त्याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधलं तर हाती फारसं लागत नाही. कायदा, सेन्सॉरची नियमावली, स्टुडिओचा करार आणि कॅमेऱ्यासमोरचा दिवा, या चार गोष्टी कशा चालत ते पाहिलं की बरंच उलगडतं.

आधी ती कोण होती

पूर्ण नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. घरी क्वीनी म्हणत. वडील रेल्वेत काम करणारे ब्रिटिश इंजिनियर. जन्म दिला ती आई त्या वेळी स्वतःच अल्पवयीन मुलगी होती. म्हणून आजीनं बाळ आपलंच म्हणून वाढवलं आणि खरी आई मोठी बहीण ठरली. आजी सिलोनची, सावळी. १९१७ मध्ये आजी मुलीला घेऊन कलकत्त्याला गेली. तिथल्या ला मार्टिनियर शाळेत क्वीनीला मिश्र वंशावरून टोमणे खावे लागले आणि शाळा सुटली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी नाटकमंडळी आणि १९२०चं दशक संपता संपता युरोपचा प्रवास.

लंडनमध्ये किरकोळ कामं करताना अलेक्झांडर कोर्डा या निर्माता-दिग्दर्शकाची नजर तिच्यावर पडली. 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) मध्ये तिला ॲन बोलीनचं काम मिळालं. भूमिका काही मिनिटांची, पण लोकांच्या लक्षात राहिली. ओब्रायनचं 'ओबेरॉन' झालंच होतं, आता जन्मगावही बदललं. प्रसिद्धीपत्रकात लिहिलं गेलं की ती ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावर, होबार्टमध्ये जन्मली, वडील लवकर वारले आणि मग ती भारतात नातलगांकडे वाढली.

ही गोष्ट हुशारीनं रचलेली होती. टास्मानिया ब्रिटिश साम्राज्यात, म्हणजे ती 'आपल्यातली'. लंडनहून बोटीनं कित्येक आठवड्यांच्या अंतरावर, म्हणजे कुणी खातरजमा करायला जाणार नाही. नोंदी आगीत जळाल्याचंही सांगता येत होतं. आणि भारतात वाढल्याचा भाग खराच ठेवला होता, कारण कलकत्त्यात तिला ओळखणारा कुणी भेटलाच तर गोष्ट उघडी पडायला नको.

आपल्याकडे जात पडताळणीसाठी लोक आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत तालुक्याच्या गावी हेलपाटे घालतात. इथे उलटं होतं. आपल्या जन्माचा कागद कुणाच्याही हाती लागू नये, यावर हिचं पोट अवलंबून होतं.

पहिली भिंत: अमेरिकेचा कायदा

१७९० च्या कायद्यानं परदेशातून येणाऱ्यांपैकी फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत होतं. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियाई लोक बाहेरच राहिले. १९१७ च्या कायद्यानं आशियाचा मोठा पट्टा नकाशावर आखून तिथल्या लोकांना प्रवेशबंदी केली, त्यात हिंदुस्थान आला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही. हे थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही. १९२४ च्या कायद्यानं पुढची कडी लावली: ज्याला नागरिक होता येत नाही, त्याला कायमचं राहायलाही येता येणार नाही.

काही काळासाठी येऊन काम करण्याच्या वाटा होत्या, पण घर करून राहण्याची वाट बंद होती. अर्धं रक्त युरोपीय असलं तरी सुटका नव्हती, कारण मिश्र वंशाच्या लोकांनाही न्यायालयांनी नागरिकत्व नाकारल्याची उदाहरणं होती. हे दार किलकिलं झालं ते १९४६ मध्ये. तेव्हा हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि सोबत कोटा आला वर्षाला १०० माणसांचा. अख्ख्या देशाला शंभर.

ओबेरॉन हॉलिवूडला गेली १९३४ च्या अखेरीस. खरा जन्मदाखला घेऊन गेली असती, तर चर्चा तिच्या अभिनयाची झाली नसती.

'पण व्हिव्हियन लीसुद्धा भारतातच जन्मली होती'

ही शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. त्याच काळातली नामवंत नायिका व्हिव्हियन ली १९१३ मध्ये दार्जिलिंगला जन्मली आणि तिनं ते कधी लपवलं नाही. दोघींच्या जन्मगावांत बोट ठेवावं असा फरक नाही. फरक कागदावरच्या आईवडिलांचा आहे. लीचं कुटुंब कागदोपत्री ब्रिटिश होतं, त्यामुळे दार्जिलिंग ही तिच्या चरित्रातली एक रम्य ओळ झाली. ओबेरॉनसोबत मात्र सावळी आजी होती. लंडनमध्ये पाहुण्यांसमोर तिची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. आजी १९३७ मध्ये वारली. पुढे ओबेरॉननं जुन्या फोटोवरून तिची चित्रं काढून घेतली आणि चित्रकाराला सांगितलं की रंग उजळ ठेवा. या सगळ्या कहाणीतली मला सर्वांत जड वाटणारी गोष्ट ही आहे.

दुसरी भिंत: हेज संहिता

अमेरिकन स्टुडिओंनी १९२२ मध्ये आपली संघटना काढली आणि विल हेज यांना प्रमुख नेमलं. सरकारी सेन्सॉर अंगावर येण्याआधी आपणच आपल्याला नियम लावून घ्यावेत, हा हेतू. १९३० मध्ये लेखी नियमावली तयार झाली, तीच हेज संहिता. सुरुवातीची चार वर्षं ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. १ जुलै १९३४ पासून मात्र जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. आधी पटकथा तपासायची, मग तयार चित्रपट. प्रमाणपत्राशिवाय चित्रपट लावणाऱ्या सदस्याला २५,००० डॉलर दंड. त्याहून मोठी भीती म्हणजे मोठी चित्रपटगृहं स्टुडिओंच्याच मालकीची होती, त्यामुळे प्रमाणपत्र नाही तर पडदाही नाही.

या संहितेत एक कलम होतं: गोऱ्या आणि काळ्या वंशांतले लैंगिक संबंध पडद्यावर दाखवायला मनाई. ते निघालं १९५६ मध्ये.

आता पुढची शंका: यात भारतीयांचं नाव कुठे आहे? नाही. मजकुरात फक्त गोरे आणि काळे आहेत. पण नियमाचा मजकूर आणि नियमाचा धाक वेगवेगळ्या मापाचे असतात. पैसा लावणारा निर्माता कधीही कुंपणाला चिकटून चालत नाही, चार हात लांबून चालतो. 'द गुड अर्थ' (१९३७) चं उदाहरण घ्या. कथा चिनी शेतकऱ्यांची. हॉलिवूडमध्ये ॲना मे वाँग ही चिनी वंशाची नामवंत अभिनेत्री हजर होती. पण नायक म्हणून गोरा नट पॉल म्युनी ठरला, आणि मग त्याची बायको खरोखरची आशियाई असणं अडचणीचं झालं. काम मिळालं लुईझ रायनर या युरोपीय अभिनेत्रीला. चिनी बाईच्या त्या भूमिकेसाठी रायनरला ऑस्करही मिळालं.

थोडक्यात, नायिका म्हणजे गोऱ्या नायकाचं चुंबन घेणारी बाई, आणि आशियाई स्त्रीला ते काम मिळणार नाही हे ठरलेलं. ओबेरॉन आशियाई आहे असं जाहीर होताच ती नायिकेच्या यादीतून खलनायिका, नर्तकी, दासी या यादीत गेली असती.

१९३९ चा 'वुदरिंग हाइट्स' या नजरेनं पाहण्यासारखा आहे. मूळ कादंबरीतला नायक हीथक्लिफ काळासावळा, कुठून आला ते ठाऊक नसलेला पोर आहे. एक पात्र त्याला 'लस्कर', म्हणजे हिंदुस्थानी खलाशाचं पोर असावं असंही म्हणतं. चित्रपटात हीथक्लिफ झाला लॉरेन्स ऑलिव्हिए आणि त्याची प्रेयसी, गोरी कॅथी, झाली मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन.

तिसरी भिंत: करार

त्या काळचा नट आजच्यासारखा एकेका चित्रपटाचे पैसे ठरवत नसे. स्टुडिओशी साधारण सात वर्षांचा करार होई. पण तो दोन्ही बाजूंनी सात वर्षांचा नसे. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं 'पुढे ठेवायचं की नाही' हे स्टुडिओ ठरवी, नटाला मात्र सोडून जाता येत नसे. भूमिका नाकारली तर पगार बंद, आणि तो बंद काळ करारात पुन्हा जोडला जाई. १९४४ मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलंडनं न्यायालयात जाऊन हे जोडणं बंद पाडलं, तोवर सात वर्षांची आठ-नऊ होणं नेहमीचं होतं.

नट दुसऱ्या स्टुडिओला उसना देता येत असे. आपली बैलजोडी शेजारच्याला दिली तर भाडं मालकाला मिळतं, बैलाला कडबा मिळतो, हिशेब तोच. ओबेरॉनच्या कराराचा काही हिस्सा कोर्डानं अमेरिकेतल्या सॅम्युअल गोल्डविनला विकला. म्हणजे तिच्या चेहऱ्याचे एकाच वेळी दोन मालक झाले. गोल्डविननं तिचं गूढ, पौर्वात्य दिसणारं रूप उतरवून साधी इंग्रज मुलगी उभी केली आणि त्याच रूपातल्या 'द डार्क एंजल'साठी नामांकन आलं. बक्षीस त्या वर्षी बेटी डेव्हिसनं नेलं.

करारात नैतिकतेचं कलमही असे. नटाच्या वागण्यामुळे लोकांत छी-थू झाली तर स्टुडिओ करार मोडू शकत असे. प्रसिद्धी खातं नटाचं चरित्र लिही, मासिकांना मुलाखती ठरवून देई, फोटो वाटी. टास्मानियाची गोष्ट एकदा छापून आली की ती स्टुडिओची मालमत्ता झाली, कारण तिच्यावर पैसे लागलेले. ओबेरॉनला उद्या खरं बोलावंसं वाटलं असतं तरी नुकसान तिच्या एकटीचं नव्हतं. १९३९ मध्ये कोर्डाशी तिचं लग्न झालं, १९४२ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला आणि ती लेडी कोर्डा झाली. प्रत्येक पायरीबरोबर त्या गोष्टीचं ओझं वाढतच गेलं.

चौथी गोष्ट: दिवा आणि रंग

कागद लपवता येतात, चेहरा रोज सेटवर न्यावा लागतो. इथे तंत्राची थोडी माहिती हवी.

कृष्णधवल फिल्मला त्वचेचा रंग कळत नाही, फक्त करड्या रंगाची छटा कळते. चेहऱ्यावर प्रकाश दुप्पट केला की तो स्पष्टपणे उजळ उतरतो. त्यामुळे दोन नटांच्या वर्णात फरक असेल तर छायाचित्रकार एकावर जास्त प्रकाश टाकून छटा जुळवून घेतो. मुख्य दिवा सहसा बाजूनं आणि वरून असतो. त्यानं चेहऱ्याला उठाव येतो, पण नाकाखाली, डोळ्यांच्या खोबणीत आणि प्रत्येक खड्ड्यात सावली पडते. भर दुपारी उन्हात काढलेल्या फोटोत डोळे काळे दिसतात ते याच कारणानं.

१९३७ मध्ये लंडनला ओबेरॉनच्या मोटारीला अपघात झाला आणि चेहऱ्याला इजा झाली. 'आय, क्लॉडियस' हा तिचा चालू चित्रपट तिथेच थांबला आणि कधी पुरा झाला नाही. व्रण राहिले. 'द लॉजर' (१९४४) च्या चित्रणात लुसियन बॅलर्ड या छायाचित्रकारानं त्यावर उपाय काढला: एक लहान, मऊ प्रकाशाचा दिवा थेट कॅमेऱ्यावर, भिंगाला अगदी लागून बसवला. पुढे या दिव्याला तिच्याच नावावरून 'ओबी' म्हणू लागले आणि छायाचित्रणाच्या धंद्यात तो शब्द रुळला. १९४५ मध्ये दोघांनी लग्न केलं.

ओबी कसा चालतो? कपाळाला टॉर्च बांधून अंधारात पाहा. समोरच्या वस्तूची सावली बरोबर तिच्या मागे पडते, म्हणून तुम्हाला ती दिसतच नाही. भिंग आणि दिवा एका रेषेत आले की व्रण, सुरकुत्या, त्वचेचा खडबडीतपणा यांच्या सावल्या कॅमेऱ्याच्या नजरेआड जातात. वर डोळ्यांत एक चमकदार ठिपका येतो, तो फायदा वेगळाच.

पण हा दिवा जपून वापरावा लागतो. जास्त झाला तर चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो, म्हणून मुख्य दिवा बाजूनंच ठेवून ओबी फक्त सावल्या भरण्यापुरता लावतात. कॅमेरा पुढे सरकला की दिवाही सरकतो, आणि अंतर निम्मं झालं की प्रकाश चौपट होतो. चार मीटरवरून दोन मीटरवर येईपर्यंत चेहरा पांढराफटक पडेल. म्हणून शॉट चालू असतानाच सहाय्यकाला दिवा हळूहळू मंद करावा लागतो किंवा त्यासमोर जाळी सरकवावी लागते. कृष्णधवलात हे निभतं. रंगीत फिल्मवर जुना तारेचा बल्ब मंद केला की प्रकाश पिवळा-तांबडा होतो आणि चेहऱ्याचा रंग शॉटच्या मध्येच बदलतो. मागे काच किंवा चकचकीत लाकूड असेल तर त्यातही दिवा दिसतो.

'मग ओबीनं तिचा वंश लपवला का?' असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. दिवा अपघाताच्या व्रणांसाठी होता. पण समोरून आलेला तो सपाट प्रकाश चेहरा उजळही करत होता, हेही खरं.

त्वचेवरच्या उपचारांची गोष्ट मात्र क्लेशाची आहे. तरुणपणापासून ती रंग उजळणारी पारायुक्त प्रसाधनं वापरत होती आणि १९४० च्या सुमारास तिच्या त्वचेवर गंभीर परिणाम झाले, असं चरित्रांत येतं. पारा त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होण्याच्या क्रियेतच अडथळा आणतो, म्हणून गोरेपणा आल्यासारखा वाटतो. क्रीम थांबवलं की रंग परततो, म्हणून ते थांबवता येत नाही. दरम्यान पारा शरीरात साठतो. पुरळ, काळे-पांढरे डाग, आणि पुढे मूत्रपिंडांना इजा. पारा घातलेली प्रसाधनं आज आंतरराष्ट्रीय करारानं बंदीच्या यादीत टाकली आहेत, तरी लेबल नसलेल्या डब्यांतून ती आपल्याकडच्या बाजारात येतातच. घटक छापलेले नसतील आणि आठवड्याभरात गोरं करण्याची हमी असेल, तर त्या डबीला हात लावू नये.

'साबू तर उघडपणे भारतीय होता, त्याचं कुठे अडलं?'

म्हैसूरजवळचा साबू याच कोर्डाच्या 'एलिफंट बॉय'मधून (१९३७) पुढे आला आणि हॉलिवूडमध्ये नाव कमावलं. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी हवाई दलात लढला आणि १९४४ मध्ये नागरिक झाला. सैन्यात असलेल्यांसाठी वंशाची अट तेव्हा शिथिल केली होती. पण त्याच्या भूमिका पाहा: माहूत, चोर, जंगलात वाढलेला मुलगा. गोऱ्या नायिकेचा प्रियकर हे काम त्याच्याकडे आलं नाही, आणि तो मोठा झाल्यावर कामंच आटली. भारतीय म्हणून हॉलिवूडमध्ये जागा होती, पण तिचं माप ठरलेलं होतं. ओबेरॉनला ते माप नको होतं. यात मला तिचं काही चुकलं असं वाटत नाही. चुकलं ते आजीच्या बाबतीत, आणि त्यालाही एका घराबाहेरची कारणं होती.

'निदान उतारवयात तरी सांगायचं'

१९४६ मध्ये नागरिकत्वाचा कायदा बदलला, १९५६ मध्ये संहितेतलं कलम गेलं, १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आंतरवंशीय विवाहांवरची बंदी उठवली. भिंती पडल्या होत्या. पण तोवर टास्मानियाच्या गोष्टीला तीसहून जास्त वर्षं झाली होती आणि टास्मानियातल्या लोकांनी ती मनापासून आपली मानली होती. तिथे दंतकथाही तयार झाल्या. ती एका चिनी वंशाच्या स्थानिक बाईची मुलगी, आम्हाला ते घर ठाऊक आहे, असं सांगणारे लोक होते. दरम्यान तिच्या जन्मदात्रीच्या दुसऱ्या एका मुलाला मुंबईतला तिचा जन्मदाखला सापडला. तो तिला भेटायला अमेरिकेला गेला. तिनं भेट नाकारली.

१९७८ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, ती होबार्टला गेली. आपल्या शहराची जगप्रसिद्ध लेक परत आली म्हणून महापौरांनी स्वागत-समारंभ ठेवला. गावकरी जमले होते. समारंभ चालू असतानाच तिला बरं वाटेनासं झालं आणि ती तिथून निघून गेली.